लोकसंख्या बघून हॉल ठरवू नकोस
पहिल्यांदाच गाण्याच्या कार्यक्रमांचा दौरा आखतो आहेस, म्हणून सांगतो. शहरात 10 लाख लोक आहेत म्हणजे तिकिटं खपतीलच असं नाही. नकाशावर हॉलभोवती वर्तुळ काढून आतली माणसं मोजायची सवय आधी सोड. प्रेक्षक अंतर मोजत नाही, वेळ मोजतो. मधे घाट असेल किंवा नदीवर एकच पूल असेल, तर 40 किलोमीटरवरचं गावही हिशेबातून गेलं. उलट हायवेला लागून असलेल्या 90 किलोमीटरवरच्या गावातूनही लोक येतात, निदान शनिवारी तरी. आठवड्याच्या मधल्या वारी परतीची शेवटची गाडी कितीला सुटते ते बघ. ती साडेदहाला आणि कार्यक्रम संपणार अकराला, मग लांबचे लोक तिकीट काढतीलच कशाला?

कॉलेजांचं छोटं शहर कधीकधी दुप्पट मोठ्या शहराला भारी पडतं. सुट्ट्या लागल्या की मात्र तेच ओस. (हे मी हात पोळून घेऊन शिकलो.)

सगळ्यात फसवी असतात ती महानगराला खेटून असलेली शहरं. माणसं भरपूर, पैसाही असतो, पण मोठा कलाकार ऐकायला ती महानगरात जातात. म्हणून करारातच लिहून घे: अमुक अंतरात, अमुक दिवसांत या कलाकाराचा दुसरा कार्यक्रम नाही. आडबाजूच्या शहरात ही चढाओढ नसते, पण तिथे एकाच महिन्यात दोन कार्यक्रम लावलेस तर तेच श्रोते दोनदा खिशात हात घालणार नाहीत.

आणि हॉलवाल्याकडे मागच्या विक्रीची गावनिहाय यादी माग. बरेचदा देतात.