खोली ठरवण्याआधी वाट ठरव

प्रिय मित्रा,

सस्नेह आशीर्वाद. वांद्रे-कुर्ला संकुलातील नोकरी नक्की झाल्याचे वाचून आनंद झाला. खोली दूरच्या डोंबिवलीत घ्यावी की त्यामानाने जवळच्या मुलुंडला, आणि रोज लोकलने जावे की बसने, असे तू विचारले आहेस. मुंबईत हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात.

आधी नकाशा पाहा. हे शहर दक्षिणोत्तर लांबट आहे आणि 1853 साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, तेव्हापासून रेल्वेही मुख्यतः त्याच दिशेने वाढली. मध्य आणि पश्चिम हे मार्ग दादरला भेटतात आणि पुढे उत्तरेकडे एकमेकांपासून दूर होत जातात. त्यामुळे उत्तर-दक्षिण प्रवासात लोकलला तोड नाही, कारण तिचा रूळ तिचा स्वतःचा असतो आणि मोटारींच्या रांगेत तिला अडकावे लागत नाही. पूर्व-पश्चिम जायचे झाले की हिशेब उलटतो. मुलुंडहून जोगेश्वरीला लोकलने जाणाऱ्याला दादरपर्यंत येऊन पुन्हा उत्तरेकडे जावे लागते. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने जाणारी बस हा सारा वळसा टाळते.

तुझ्या वाट्याला दोन्ही येणार आहेत: कुर्ल्यापर्यंत लोकल आणि तिथून पश्चिमेच्या बाजूने 310 क्रमांकाची बस. हा दुसरा टप्पा अंतराने छोटा असला, तरी सकाळी दमवतो तोच. म्हणून गाडीतली मिनिटे मोजून थांबू नकोस. पूल चढणे, बसच्या रांगेत उभे राहणे आणि थांब्यापासून कार्यालयापर्यंत चालणे हे सगळे त्यात धर. 9 मे 2025 पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे 5 वरून 10 रुपये आणि वातानुकूलित बसचे 6 वरून 12 रुपये झाले आहे, तेही महिन्याच्या खर्चात मांड. लोकलचा मासिक पास मात्र पहिल्याच दिवशी काढ.

माझे मत विचारशील, तर थोडे अधिक भाडे देऊन मुलुंडला राहा. याचे मोठे कारण वेळ हे नाही. लोकल ठप्प झाली, तर मुलुंडच्या माणसाला लालबहादूर शास्त्री मार्गाने बस धरून, उशिरा का होईना, घर गाठता येते. मुसळधार पावसात तो रस्ताही रखडतो, पण वाट उरते. डोंबिवलीकराला रेल्वेखेरीज सोयीचा मार्ग जवळजवळ नाहीच. तरीही तुला डोंबिवलीच घ्यावी लागली, तर मोजक्याच स्थानकांवर थांबणाऱ्या फास्ट गाडीचा हट्ट धरू नकोस, डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी शोध आणि तिच्या वेळेनुसार घर सोड.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगतो. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडले आणि त्यांतील काहींचा जीव गेला. तीही रोजच्या प्रवासातली माणसे होती. दारात उभे राहण्याची वेळ आली, तर ती गाडी जाऊ दे. कार्यालयात उशीर झाल्यास मी तुझ्या वरिष्ठांशी बोलेन.

अनामत रक्कम देण्यापूर्वी दोन्ही ठिकाणांहून एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा, पण रविवारी नको. त्या दिवशी सहसा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या देखभालीसाठी काही तास गाड्या बंद, असतो आणि रस्तेही मोकळे असतात. सोमवारी सकाळी ऐन गर्दीत जा, संध्याकाळी त्याच वाटेने परत ये आणि मग मला कळव.

तुझा हितचिंतक