पोच मिळाली म्हणजे काम झाले का? मेसेज क्यूविषयी प्रश्नोत्तरे

क्यू म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्यासाठी ठेवलेल्या मेसेजची रांग. तिच्याबद्दलचे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतात, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो: मेसेज ब्रोकरच्या (मेसेज घेऊन पुढे पोहोचवणाऱ्या सर्व्हरच्या) हाती दिला की आपली जबाबदारी संपली. ती तिथे संपत नाही. खालची उत्तरे वाचून थेट प्रॉडक्शनमध्ये हात घालू नका. आपल्या व्हर्जनचे डॉक्युमेंटेशन उघडा आणि सिस्टिम सांभाळणाऱ्याशी आधी बोला.

प्रश्न : आम्ही रॅबिटएमक्यू हा ब्रोकर वापरतो. क्यू ड्युरेबल आहे, तरीही सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर मेसेज गेले. असे कसे?

ड्युरेबल क्यू म्हणजे रीस्टार्टनंतर ती क्यू पुन्हा उभी राहील, इतकेच. तिच्यातले मेसेज टिकतील की नाही हे मेसेजागणिक ठरते. क्लासिक क्यूत पाठवताना डिलिव्हरी मोड 2 (मेसेज डिस्कवर लिहा, ही सूचना) लावला नसेल, तर रीस्टार्टमध्ये तो मेसेज जातो. मोड 2 लावला, पण पब्लिशर कन्फर्म (ब्रोकरने पाठवणाऱ्याला द्यायची पावती) चालू केले नाही, तर मेसेज डिस्कवर पोहोचला का हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही. पब्लिशचा कॉल विनातक्रार परत आला, याचा अर्थ बाइट सॉकेटमध्ये गेले, यापलीकडे काही नाही.

आणखी एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मेसेज कोणत्याच क्यूला जुळला नाही, तरी ब्रोकर कन्फर्म देतो. राउटिंग कीमध्ये (मेसेज कोणत्या क्यूत जायचा हे ठरवणाऱ्या नावात) एक अक्षर चुकले की कन्फर्म येत राहतात आणि मेसेज कुठेच जात नाहीत. मँडेटरी फ्लॅग लावा, म्हणजे असा मेसेज परत येईल. आणि परत आलेल्या मेसेजचे काय करायचे तेही कोडमध्ये लिहा. हे सगळे करूनही नोड (ब्रोकर चालवणारे मशीन) एकच असेल, तर डिस्क गेली की सगळे गेले. महत्त्वाच्या मेसेजसाठी तीन नोडवरची कोरम क्यू (प्रत्येक नोडवर प्रत ठेवणारी) हवी. मिरर्ड क्लासिक क्यू रॅबिटएमक्यू 4.0 मध्ये काढून टाकल्या आहेत, तेव्हा जुन्या लेखांतली मांडणी उचलू नका. क्लस्टरचा आराखडा तो चालवलेल्या माणसाकडून तपासून घ्या.

प्रश्न : क्यूलाच डेटाबेस म्हणून वापरले तर चालेल का?

नाही.

प्रश्न : आमच्या काही ग्राहकांच्या खात्यातून एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा कापले गेले. विक्रेता म्हणतो, ‘एग्झॅक्टली वन्स’चा (प्रत्येक मेसेज नेमका एकदाच) पर्याय चालू करा, मग कोडमध्ये काही बदलावे लागणार नाही. हे खरे का?

खरे नाही, आणि पैशांच्या व्यवहारात असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे.

कन्झ्युमरने (मेसेज घेऊन काम करणाऱ्या प्रोग्रॅमने) मेसेज घेतला, पैसे कापले आणि ब्रोकरला पोच देण्याआधी तो कोसळला, किंवा पोच नेटवर्कमध्ये हरवली. ब्रोकरच्या बाजूने पाहिले तर ‘काम झाले, पोच आली नाही’ आणि ‘काम झालेच नाही’ यांत काहीही फरक दिसत नाही. म्हणून दोनच मार्ग उरतात. पोच आधी दिली तर मेसेज हरवू शकतो. काम करून मग दिली तर मेसेज दुसऱ्यांदा येऊ शकतो. जगातला कोणताही ब्रोकर ही निवड टाळू शकत नाही.

मग जाहिरातीत काय असते? मर्यादित गोष्ट असते आणि ती अमर्याद करून सांगितली जाते. काफ्का या ब्रोकरमधली ट्रान्झॅक्शन काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती आहेत, आणि पुढचा वाचणारा ‘रीड कमिटेड’ (फक्त कमिट झालेले वाचण्याच्या) मोडमध्ये असेल तरच उपयोगी. तुमचे पेमेंट गेटवे त्या ट्रान्झॅक्शनच्या बाहेर आहे. काफ्काचा आयडेम्पोटंट प्रोड्युसर (दुहेरी लिहिणे टाळणारा पाठवणारा) लायब्ररीने केलेले रीट्राय, म्हणजे पुन्हा पाठवण्याचे प्रयत्न, ओळखतो; तुमच्या ॲप्लिकेशनने तोच मेसेज नव्याने पाठवला तर तो त्याच्या लेखी नवा मेसेज. ॲमेझॉनच्या एसक्यूएस सेवेची फिफो क्यू (क्रम राखणारी) दुहेरी पाठवलेला मेसेज 5 मिनिटांच्या आत ओळखते. सहाव्या मिनिटाला झालेला रीट्राय सरळ आत येतो.

मेसेज दोनदा येणार हे गृहीत धरा आणि परिणाम एकदाच होईल असे कोड लिहा. ते असे:

मेसेजचा आयडी घटना घडते तेव्हा एकदाच तयार करा आणि ऑर्डरच्या नोंदीसोबत साठवा. रीट्रायच्या लूपमध्ये आयडी तयार केला तर प्रत्येक प्रयत्नाला नवा आयडी मिळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. ही चूक सर्रास दिसते.

कन्झ्युमरच्या डेटाबेसमध्ये ‘हाताळलेले मेसेज’ असे टेबल करा आणि आयडीवर युनिक इंडेक्स (तोच आयडी दुसऱ्यांदा न घेणारा) लावा. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी आयडी इन्सर्ट करा, मग काम करा, कमिट करा, आणि त्यानंतरच पोच द्या. इन्सर्ट युनिक इंडेक्सवर अडले तर ते काम आधीच झालेले आहे. काही न करता पोच द्या. आधी सिलेक्ट करून ‘आहे का’ पाहणे आणि मग इन्सर्ट करणे पुरत नाही. दोन कन्झ्युमर एकाच क्षणी पाहतात, दोघांनाही ‘नाही’ दिसते, आणि दोघेही पुढे जातात.

बाहेरच्या सेवेला हाक मारायची असेल तर हाच आयडी आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आल्याचे ओळखायची खूण) म्हणून पाठवा, प्रत्येक प्रयत्नात तोच. ती सेवा अशी की स्वीकारत नसेल, तर पुन्हा हाक मारण्याआधी तिच्याकडे व्यवहाराची स्थिती विचारा. हे आयडी किती दिवस ठेवायचे? मेसेज क्यूत आणि डेड लेटर क्यूत (हाताळता न आलेले मेसेज बाजूला ठेवणाऱ्या क्यूत) मिळून जितके दिवस राहू शकतो, त्याहून जास्त.

आता पाठवणारी बाजू. ऑर्डर डेटाबेसमध्ये लिहिली, मग मेसेज पाठवला, आणि मध्येच प्रोसेस पडली, तर ऑर्डर आहे पण मेसेज नाही. क्रम उलटा केला तर मेसेज आहे पण ऑर्डर नाही. यावर उपाय आउटबॉक्स टेबल: ऑर्डरची ओळ आणि मेसेजची ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. वेगळी प्रोसेस त्या ओळी ब्रोकरकडे पाठवेल आणि कन्फर्म आल्यावरच ‘पाठवले’ अशी खूण करेल. ही प्रोसेस ‘शेवटच्या आयडीपुढच्या ओळी आण’ अशी लिहू नका. आयडी वाटले जातात एका क्रमाने, कमिट होतात दुसऱ्या. 101 आधी कमिट होऊन वाचला गेला की मागून आलेला 100 कायमचा सुटतो. खूण नसलेल्या ओळीच आणा.

तुमच्या बाबतीत पैसे प्रत्यक्ष कापले गेले आहेत. आजच संबंधित कन्झ्युमर थांबवा, गेटवेच्या नोंदी आपल्या नोंदींशी ताडून पाहा, आणि परताव्याचे काम हिशेब विभाग व गेटवेच्या तांत्रिक टीमबरोबर बसून करा. विक्रेत्याच्या पुढच्या कॉलची वाट पाहू नका.

प्रश्न : आमचे एक काम 40 मिनिटे चालते. ते संपण्याआधीच तोच मेसेज दुसऱ्या कन्झ्युमरला मिळतो. ब्रोकर बिघडला आहे का?

ब्रोकर ठीक आहे, मुदत संपते आहे. एसक्यूएसमध्ये व्हिजिबिलिटी टाइमआउट (घेतलेला मेसेज इतरांना न दिसण्याचा काळ) न बदलता 30 सेकंदांचा असतो आणि 12 तासांपर्यंत वाढवता येतो. रॅबिटएमक्यूमध्ये पोचेची मुदत मुळात 30 मिनिटे. ती उलटली की चॅनल बंद होते आणि मेसेज परत क्यूत जातो. काफ्कामध्ये दोन पोलमधले (मेसेज मागण्याच्या कॉलमधले) अंतर 5 मिनिटांच्या वर गेले की कन्झ्युमर गटातून बाहेर काढला जातो. एका पोलमध्ये मुळात 500 पर्यंत मेसेज येतात. प्रत्येकाला एक सेकंद धरला तरी 500 सेकंद झाले, मुदत 300 ची.

नुसती मुदत वाढवू नका. मग कन्झ्युमर खरोखर मेला तरी ते तितकाच वेळ कळणार नाही. एसक्यूएसमध्ये काम चालू असेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने मुदत वाढवत राहा. इतरत्र लांब कामाची नोंद डेटाबेसमध्ये करून, ती कमिट झाल्यावरच पोच द्या आणि काम तिथून चालवा. कोणते बसेल, हे कामाचे टप्पे पाडता येतात का यावर आहे. ते काम लिहिणाऱ्याला विचारा.

प्रश्न : एमक्यूटीटीमध्ये (उपकरणांसाठीच्या मेसेज प्रोटोकॉलमध्ये) क्यूओएस, म्हणजे पोहोचवण्याच्या हमीची पातळी, 2 लावले, तरी बंद असलेल्या उपकरणाला मेसेज मिळाले नाहीत.

क्यूओएस क्लायंट आणि ब्रोकर यांच्यामधल्या एका टप्प्यापुरता असतो. सबस्क्राइब करणाऱ्याने 0 मागितला असेल तर त्याला 0 नेच मिळेल. बंद उपकरणासाठी मेसेज राखून ठेवायचे तर सेशन टिकाऊ हवे: क्लायंट आयडी कायम तोच, एमक्यूटीटी 3.1.1 मध्ये क्लीन सेशन बंद. व्हर्जन 5 मध्ये क्लीन स्टार्ट बंद ठेवून सेशन एक्स्पायरी स्पष्ट लिहा. न लिहिल्यास ती 0, म्हणजे कनेक्शन तुटताच सेशन संपले. ब्रोकर मॉस्किटो असेल तर पर्सिस्टन्स (डिस्कवर साठवणे) मुळात बंद असते, तेही पाहा. उपकरणाचे फर्मवेअर बदलण्यापूर्वी निर्मात्याकडून खात्री करा.

प्रश्न : क्रम राखायचा आहे आणि दहा कन्झ्युमरही हवेत. जमेल?

संपूर्ण क्रम हवा असेल तर नाही. खात्यापुरता किंवा ऑर्डरपुरता चालणार असेल तर जमेल: काफ्कामध्ये तीच की, एसक्यूएस फिफोमध्ये तोच मेसेज ग्रुप. काफ्कात नंतर पार्टिशन (मेसेज कीनुसार ज्यांत वाटले जातात ते भाग) वाढवले की कीची जागा बदलते आणि त्या वेळी क्रम मोडू शकतो. संख्या आधीच विचारपूर्वक ठरवा.

प्रश्न : सर्वांत वेगवान ब्रोकर कोणता?

विक्रेत्यांचे आलेख पाहून ठरवू नका. डिस्कवर लिहिण्याआधीच पोच देऊन काढलेला आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. आपला मेसेज, आपली डिस्क, तीन प्रती आणि मध्येच एक नोड बंद पाडून मोजा.

प्रश्न : डेड लेटर क्यूत बरेच मेसेज साठले आहेत. सवडीने पाहिले तर चालेल का?

चालणार नाही. एसक्यूएसच्या स्टँडर्ड क्यूत मेसेजचे वय मूळ क्यूत शिरल्यापासून मोजले जाते. मूळ क्यूत एक दिवस गेला आणि डेड लेटर क्यूची मुदत 4 दिवस असेल, तर तिथे तो तीनच दिवस राहतो आणि मग कायमचा जातो. डेड लेटर क्यूची मुदत मूळ क्यूपेक्षा जास्त ठेवा. कमाल 14 दिवस आहे. तिथे पहिला मेसेज पडताच अलार्म वाजला पाहिजे.

सगळे मेसेज एका झटक्यात परतही ढकलू नका. आधी दहा-वीस काढून कारण पाहा: फॉरमॅट बदलला, की पलीकडची सेवा बंद होती? पहिल्या प्रकारचे मेसेज कोड सुधारेपर्यंत पुन्हा पडणारच. दुसऱ्या प्रकारचे हळूहळू सोडा. सेकंदाला 100 मेसेज येतात आणि 110 हाताळता येतात असे धरा. एक तास सेवा बंद राहिली तर 3,60,000 साठतात, आणि सेकंदाला 10 या गतीने ते उपसायला 10 तास लागतात. त्यात रीट्राय एकाच ठेक्यात होत असतील तर नुकतीच उभी राहिलेली सेवा पुन्हा आडवी होते. म्हणून प्रत्येक रीट्रायचे अंतर वाढते ठेवा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक घाला. परत सोडण्याआधी कन्झ्युमर दुहेरी मेसेज सोसतो का, हे तो लिहिणाऱ्याकडून वदवून घ्या, आणि तोवर मेसेजची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.