वाचक विचारतात : वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली रद्दीत द्यायच्या का?

प्रश्न : अप्पा, अमळनेर तालुक्यातल्या एका 'ड' वर्ग (सरकारी अनुदानाचा सर्वांत खालचा वर्ग) वाचनालयाची मी ग्रंथपाल. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनी माळा भरलाय. कार्यकारिणी म्हणते, रद्दीत द्या आणि त्या पैशांत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्या. काय करू? आणि मी बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करावं की संगणकाचा कोर्स?

उत्तर : ताई, आधी ते गठ्ठे माळ्यावरून खाली उतरवा. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर माणूस टिकत नाही, तिथे वर्तमानपत्राचा कागद काय टिकणार? त्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. ऊन आणि उष्णता लागली की तो पिवळा पडतो, मग पापडासारखा मोडतो. पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, जमिनीला न टेकवता, घड्या उलगडून आडवे ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांनी टेप गळून पडते आणि तिचा तपकिरी डाग अक्षरांवर कायमचा बसतो.

आता निवड. सगळं ठेवायची गरज नाही, कार्यकारिणीचं तेवढं बरोबर आहे. मुंबई-पुण्याच्या आवृत्त्या मोठ्या ग्रंथालयांत सापडतात, त्या जाऊ द्या. पण जिल्हा आवृत्ती, तालुक्याची पुरवणी आणि चार-पाच वर्षं चालून बंद पडलेली साप्ताहिकं यांची प्रत कदाचित फक्त तुमच्याकडेच असेल. साने गुरुजींनी १९३८ मध्ये 'काँग्रेस' साप्ताहिक काढलं ते तुमच्याच अमळनेरहून. असले अंक कुणीतरी जपले तेव्हाच पुढच्यांना वाचता येतात. काय ठेवलं, काय काढलं याची यादी करून सभेत ठराव घ्या. तोंडी परवानगीवर एक गठ्ठाही हलवू नका. उद्या तपासणीला कुणी आलं की उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

राहिलेल्या फायलींसाठी एक जाड रजिस्टर घ्या. तारीख, पान, गाव, विषय एवढे चारच रकाने. सुरुवात एका विषयापासून करा. मी तर तापीवरचं पाडळसरे धरण धरलं असतं. हे धरण किती निवडणुकांत 'लवकरच पूर्ण' झालं, कोण काय बोललं, कोणत्या तारखेला, हे सगळं त्या गठ्ठ्यांत पडलंय. मग केळीचे भाव, कापूस, बोरी-तापीचे पूर. पारावर कुणी विचारतं, "अप्पा, मांगला पूर कवय उना व्हता?" (मागचा पूर कधी आला होता?) तेव्हा पाच जण पाच सालं सांगतात. रजिस्टर असलं तर दोन मिनिटांत निकाल. नोंदलेल्या पानाचे मोबाइलने सावलीतल्या उजेडात फोटो काढा आणि त्या फोटोच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घाला. रांग आपोआप लागते.

कोर्सबद्दल स्पष्ट सांगतो. पदवीधर असाल तर बी.लिब. जरूर करा, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून घरी राहून होतं. पण त्याने तुमचा आत्ताचा पगार वाढेल असं समजू नका. २०२२ मध्ये सरकारनं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं, तरी 'ड' वर्गाचे वर्षाला ३० हजारांचे ४८ हजार झाले. एवढ्यात पगार, पेपरबिल, वीजबिल आणि पुस्तकं! पदवी उपयोगी पडेल ती महाविद्यालयात जागा निघाली तर. संगणकासाठी पैसे भरून कोर्स नको. 'कोहा' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सरकारचं 'ई-ग्रंथालय'ही आहे. जवळच्या कॉलेजच्या ग्रंथपालाकडे चार शनिवार बसा, हात बसेल.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात तालुका प्रतिनिधी आहे. ऑफिसला रोज ढीगभर बातम्या हव्यात, वर जाहिरातीचं टार्गेट. एआयकडून बातमीची पार्श्वभूमी लिहून घेतली, तर त्यानं जुन्या बातमीची तारीख ठोकून दिली. तशी बातमीच नव्हती.

उत्तर : भाऊ, ते यंत्र वाक्य जुळवतं. खरं-खोटं बघणं त्याच्या कामात नाही. माहितीच्या ओळी तुम्ही द्या, भाषा त्याला नीट करू द्या, इथवर ठीक. नाव, आकडा, तारीख मात्र त्याच्याकडून घ्यायची नाही. 'पहिल्यांदाच', 'वीस वर्षांतला सर्वांत मोठा' असले शब्द लिहायचे असतील तर आधी वाचनालयात जाऊन फाइल उघडा. आणि फाइलमध्ये छापलंय म्हणूनही लगेच मान्य करू नका. पंचनाम्याची नक्कल मागा, नाही दिली तर २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज टाका. बलात्काराच्या बातमीत तर पीडितेचं नाव, शाळा, गल्ली, नातेवाईक काहीच यंत्राला देऊ नका आणि छापूही नका. ओळख उघड करणं गुन्हा आहे.

टार्गेटवर माझ्याकडे औषध नाही. मानधन तुटपुंजं आणि कमिशन जाहिरातीवर, अशी व्यवस्थाच आहे. एवढं करा : पैसे घेऊन आलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असं छापायला लावा. प्रेस कौन्सिलची आचारसंहिता तेच सांगते. ती ऑफिसला दाखवता येते, तुमच्या तोंडाने भांडावं लागत नाही.

प्रश्न : शिरपूरहून साप्ताहिक काढायचंय. जिल्हाधिकाऱ्यांकडे घोषणापत्र द्यावं लागतं का?

उत्तर : आता नाही. वर्तमानपत्र नोंदणीचा १८६७ चा कायदा गेला. १ मार्च २०२४ पासून नव्या कायद्याने 'प्रेस सेवा' पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा. आधी शीर्षकाचे तीन-चार पर्याय तयार ठेवा. 'खानदेश' शब्द असलेली बरीच नावं गेलेली असणार.