हाय स्ट्रीटवर हस्तकलेचं दुकान: स्वस्त गाळा घेण्याआधीचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधलं छोटं गाव, हाय स्ट्रीटवर (गावच्या मुख्य बाजाररस्त्यावर) ओळीने रिकामे गाळे, त्यातला एक वर्षाला ८,००० पौंडांत मिळतोय, मालक पाच वर्षांचं लीज मागतोय, आणि तिथे आसपासच्या कारागिरांच्या हातच्या वस्तूंचं दुकान काढायचं मनात आहे. काढावं का, आणि काढलं तर गाडी कुठे अडते?

काढा, पण या लीजवर सही करू नका. अशी दुकानं माल वाईट होता म्हणून क्वचितच बंद पडतात. ती बुडतात लीजमधल्या एखाद्या कलमाने, नाहीतर कारागिरांचे पैसे भाड्यात गेल्यामुळे.

हिशेब शेवटाकडून मांडा. भाडं ८,०००. वीज, विमा, इंटरनेट, कार्ड मशीन आणि कचरा उचलणाऱ्याचं कंत्राट (दुकानाचा कचरा घरच्या डब्यात टाकता येत नाही) मिळून ४,००० धरा. म्हणजे महिन्याला १,००० पौंड नुसतं शटर वर करण्याचे. माल बहुतेक 'सेल ऑर रिटर्न'वर असेल: खपला तर कारागिराला पैसे, न खपला तर वस्तू परत. त्यात दुकानाचं कमिशन ४० टक्के धरू. मग नुसता खर्च भागवायला २,५०० पौंडांची विक्री लागते, आणि स्वतःच्या हातात १,५०० उरायला हवे असतील तर ६,२५० ची. महिन्याला २२ दिवस दुकान उघडं म्हणजे रोज २८४ पौंड. सरासरी बिल १८ पौंडांचं असेल तर रोज १६ गिऱ्हाइकं.

हे १६ जण येणार कुठून? आत शिरणाऱ्या चारांतला एक काहीतरी घेतो आणि दारावरून जाणाऱ्या शंभरांतले तीन आत वळतात, असं धरून बघा. रोज २,१०० हून जास्त माणसं दारावरून जायला हवीत, म्हणजे सात तासांच्या दिवसात दर पंधरा मिनिटांना ७६. प्रमाण तुमच्या रस्त्यावर वेगळं निघेल, पण मोजायला पैसे पडत नाहीत. मंगळवारी सकाळी ११ ला, शनिवारी दुपारी १ ला आणि एखाद्या भिजक्या गुरुवारी समोरच्या बाकावर बसा आणि पंधरा-पंधरा मिनिटं मोजा. बस पकडायला धावणारे आणि शाळेची पोरं वगळा. आकडा २० च्या आसपास घुटमळला तर नुसत्या वर्दळीवर हे दुकान चालणार नाही. तेव्हा कॅफेशेजारचा महाग गाळाच स्वस्त पडण्याची शक्यता असते, त्याचंही गणित करून बघा.

वरच्या हिशेबात बिझनेस रेट्स (धंद्याच्या जागेवरचा कर) शून्य धरलेत, ते तपासून घ्या. इंग्लंडमध्ये जागेची रेटेबल व्हॅल्यू (कर ठरवायला सरकारने धरलेलं वर्षाचं भाडं) १२,००० पौंडांपर्यंत असेल आणि तुमची ती एकच जागा असेल तर 'स्मॉल बिझनेस रेट रिलीफ'मधून पूर्ण माफी मिळते. पुढे १५,००० पर्यंत माफी उतरत जाते. १३,५०० ला ती निम्मी असते. प्रत्येक गाळ्याची व्हॅल्यू सरकारी साइटवर पत्ता टाकून फुकट बघता येते. १ एप्रिल २०२६ पासून नवे आकडे लागू आहेत, म्हणून एजंटच्या जुन्या पत्रकातल्या आकड्यावर विसंबू नका. माफी आपोआप लागेल असं समजू नका, काउन्सिलकडे (तिथल्या नगरपालिकेकडे) अर्ज करा. गावात 'बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट' (दुकानदारांच्या वर्गणीतून बाजार सुधारण्याची योजना) असेल तर त्याची पट्टी वेगळी.

आता लीज. 'फुल रिपेअरिंग अँड इन्शुअरिंग' हे शब्द दिसले की छपरापासून गटारापर्यंतची दुरुस्ती तुमच्या गळ्यात पडते, आणि बरेच दिवस बंद असलेल्या गाळ्याचं छप्पर कसं असणार हे वेगळं सांगायला नको. जागेचा ताबा घेण्याआधी प्रत्येक भिंतीचे, छताचे, पन्हाळीचे तारखेसह फोटो काढून 'शेड्यूल ऑफ कंडिशन' बनवा आणि जागा त्याहून चांगल्या स्थितीत परत देण्याची जबाबदारी नाही असं लीजमध्येच लिहून घ्या. शेड्यूल काढलं पण लीजच्या मजकुरात त्याचा उल्लेख नाही, असं झालं तर ते फोटो अल्बमात लावण्यापुरतेच.

मुदत तीन वर्षांची मागा, बारा महिन्यांनी सोडता येईल अशा ब्रेक क्लॉजसह. त्या क्लॉजच्या अटी भिंग लावून वाचा. 'लीजमधल्या सर्व अटी पाळल्या असतील तरच' असं असेल तर एका न रंगवलेल्या भिंतीवरूनही ब्रेक नाकारला जाऊ शकतो. 'जागा पूर्ण रिकामी करून' हे शब्दही साधे नाहीत. भिंतीला ठोकलेली फळी मागे राहिली तरी वाद उभा राहतो. भाडं चुकतं केलेलं आणि ताबा सोडलेला, एवढीच अट ठेवायला सॉलिसिटरला, म्हणजे तुमच्या वकिलाला, सांगा. १९५४ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचं संरक्षण सोडायला मालक सांगेल. छोट्या मुदतीला ते चालतं, फक्त मग मुदत संपल्यावर लीज पुढे चालू ठेवण्याचा हक्क राहत नाही, तेव्हा तिथे फरशी आणि फर्निचरवर पैसे ओतू नका. वैयक्तिक हमी देऊ नका. त्याऐवजी तीन महिन्यांचं डिपॉझिट परवडतं.

भाडं जुन्या इंग्रजी तिमाही तारखांना आगाऊ मागतात: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर, २५ डिसेंबर. यातला मार्चचा हप्ता जानेवारी-फेब्रुवारीच्या शुकशुकाटानंतर नेमका येतो. दरमहा भाडं आणि सुरुवातीचे तीन महिने बिनभाड्याचे मागा. संकोच वाटून घेऊ नका. गाळा रिकामा राहिला तर सहसा पहिल्या तीन महिन्यांनंतर रेट्स मालकालाच भरावे लागतात, म्हणजे तुमच्याइतकीच त्यालाही घाई आहे. शिवाय २ डिसेंबर २०२४ पासून काउन्सिलांना 'हाय स्ट्रीट रेंटल ऑक्शन'चा अधिकार मिळालाय: ठरवून दिलेल्या रस्त्यावरचा गाळा दोन वर्षांत ३६५ हून जास्त दिवस रिकामा असेल तर एक ते पाच वर्षांच्या लीजचा लिलाव, मालक नको म्हणाला तरी. सगळ्या काउन्सिल तो वापरत नाहीत, पण तुमची वापरते का हे एका ईमेलने कळतं.

कारागिरांचे पैसे हा भाग सगळ्यात नाजूक. दिवसाला २८४ पौंड गल्ल्यात आले तर त्यातले १७० तुमचे नाहीतच. पण खात्यात ते एकत्र दिसतात, भाड्याची तारीख येते आणि 'पुढच्या आठवड्यात भरून काढू' सुरू होतं. दोन-तीन महिन्यांत कारागिरांचे हप्ते थकतात. ते चांगला माल उचलून नेतात, उरलेल्या मालावर विक्री आणखी पडते, आणि मग सावरणं अवघड होतं. उपाय कंटाळवाणा आहे: दुसरं बँक खातं काढा आणि दर सोमवारी मागच्या आठवड्याच्या विक्रीतले ६० टक्के त्यात टाका. महिन्याच्या पाच तारखेला तिथूनच प्रत्येकाला पैसे आणि कोणती वस्तू कितीला गेली याची यादी पाठवा.

माल घेताना प्रत्येक वस्तूला कारागिराचा कोड आणि क्रमांक असलेली चिठ्ठी लावा, यादीवर दोघांच्या सह्या घ्या. चोरी झाली, फुटलं, उन्हाने रंग उडाला तर नुकसान कोणाचं, हे कागदावर हवं. दक्षिणेकडच्या खिडकीत जलरंगाचे प्रिंट आणि नैसर्गिक रंगाची सुतं एका उन्हाळ्यात फिकी पडतात आणि मेणबत्त्या वाकतात, म्हणून काचेला यूव्ही फिल्म लावून घ्या. विमा कंपनीला दुसऱ्याचा माल दुकानात आहे हे स्पष्ट सांगा. साध्या पॉलिसीत तो धरलेला नसू शकतो. बारा आठवडे हललं नाही ते परत द्या. आणि कारागिराने तोच मग स्वतःच्या साइटवर चार पौंड स्वस्त विकायचा नाही, ही अट पहिल्या भेटीतच घाला. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून फोनवर किंमत बघतं.

व्हॅटची मर्यादा सलग १२ महिन्यांच्या ९०,००० पौंडांच्या उलाढालीची आहे. ती ओलांडलीत तर १८ पौंडांच्या वस्तूतले ३ व्हॅटमध्ये जातात. कारागीर व्हॅटसाठी नोंदणीकृत नसेल तर त्याच्या मालावर वळता करून घ्यायला व्हॅटच नसतो, आणि तुमच्या ७.२० पौंडांच्या कमिशनचे ४.२० होतात. कारागिराचा एजंट म्हणून, त्याच्या नावाने विकलंत तर उलाढालीत फक्त कमिशन मोजलं जाऊ शकतं, पण ते करारात आणि पावतीवर तसं दिसायला हवं. करार लिहिण्याआधी अकाउंटंटकडे जा, नंतर नको.

हातची वस्तू म्हणून नियम सुटत नाहीत. ७.७८ ग्रॅमहून जड चांदीचा दागिना आणि १ ग्रॅमहून जड सोन्याचा दागिना हॉलमार्कशिवाय चांदी-सोनं म्हणून विकता येत नाही. हॉलमार्कची माहिती देणारा तक्ताही दुकानात लावावा लागतो. साबण आणि क्रीमला सेफ्टी असेसमेंट लागतं, सुगंधी मेणबत्तीला धोक्याच्या सूचनांचं लेबल. विणलेल्या अस्वलाला यूकेसीए किंवा सीई ही सुरक्षिततेची खूण हवी. 'हे खेळणं नाही' अशी चिठ्ठी लावून भागत नाही, कारण पोर त्याच्याशी खेळणारच. कागद नसतील तर माल घेऊ नका, कारागीर कितीही ओळखीचा असो.

मंदीचे महिने वर्कशॉप तारतात. आठ जण, प्रत्येकी ३५ पौंड, म्हणजे २८०. शिकवणाऱ्याला १२०, साहित्याला ४०, उरले १२०. तेवढंच कमिशन मिळवायला ३०० पौंडांचा माल विकावा लागला असता. पैसे नोंदणी करतानाच घ्या आणि सहाहून कमी जण असतील तर रद्द करण्याचा हक्क राखा. शनिवारी मदतीला कोणी पगारी ठेवलंत तर किमान ५० लाख पौंडांचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा (नोकराला कामावर इजा झाली तर भरपाईचा) सक्तीचा आहे.

दुकान उघडायचं तर सप्टेंबरअखेर. कारागिरांना नाताळचा माल ऑगस्टमध्येच सांगावा लागतो, कारण नोव्हेंबरात त्यांचे हात रिकामे नसतात. तेवढ्यात लीज जमलं नाही तर ऑक्टोबर ते डिसेंबर तीन महिन्यांचा पॉप-अप (तात्पुरत्या दुकानाचा) परवाना मागा, आणि लांब मुदतीच्या लीजचं बोलणं त्या तीन महिन्यांचा गल्ला बघितल्यावर करा.