मराठी लोकांना खरोखर लागेल असं, सुट्टीच्या दिवशी एकट्याने बनवता येईल असं सॉफ्टवेअर कोणतं?

जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाइली मांडणी न मोडता युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर-फोनवर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, आणणारं. दादरला डीटीपी करतो. सोसायट्यांचे अहवाल, लग्नपत्रिका अजून कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत येतात. फुकटचे बहुतेक कन्व्हर्टर नुसता मजकूर बदलतात, मग वर्डमधले तक्ते आणि ठळक अक्षरं पुन्हा लावत बसा! खरी मेख क्रमाची: कृतिदेवमध्ये ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, रफाराचं नेमकं उलटं. जोडाक्षर आलं की वेलांटी अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते, ‘स्थिती’वर तपासून बघा. फक्त सगळे फॉन्ट एकदम घेऊ नका. श्रीलिपीत कुठलं अक्षर कुठल्या संकेतावर, याच्याच एकाहून जास्त पद्धती आहेत; आधी कृतिदेव ०१० तेवढा धरा.