बाबांच्या क्रिकेटच्या गोष्टी

प्रश्न : फोंड्याहून आम्हा चौघांना एकाच स्कूटरवर बसवून, बोरीच्या पुलावरून मडगावच्या फातोर्डा मैदानावर सामना बघायला नेलं आणि सीमारेषेवरच्या ऑस्ट्रेलियन खेळाडूला मयडे गावचं केळं दिलं, असं बाबा नातवंडांना सांगतात. आता त्यात दिलीप सरदेसाईंचं द्विशतक ‘डोळ्यांनी पाहिल्या’ची भर पडलीय. त्यांना थांबवू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : थांबवताय कशाला? सामना तर खराच. 25 ऑक्टोबर 1989 रोजी नेहरू चषकात ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका फातोर्ड्याला खेळले. त्या मैदानावरचा तो पहिलाच एकदिवसीय सामना. केळ्याचं मला ठाऊक नाही, पण बाबांनी दिलं नसेल असं छातीठोकपणे मी तरी म्हणणार नाही.

सरदेसाईंचं मात्र अवघड आहे. माणूस मडगावचा, पण ते 212 धावांचं द्विशतक 1971 मध्ये किंग्स्टनला, वेस्ट इंडिजात झालं. तिथे स्कूटर पोचत नाही! त्या दौऱ्यातल्या कसोटी सामन्यांत त्यांनी 642 धावा केल्या, हे नातवंडांना तुम्हीच सांगा. मग बाबांना हळूच विचारा, ‘तेव्हा तुम्ही रेडिओ कुणाच्या घरी ऐकायचात?’ बघा, खरी गोष्ट तिथून सुरू होईल. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा.

मला स्वतःला स्कूटरचीच गोष्ट जास्त आवडली. पुढे कोण उभं होतं, डबा कुणाच्या मांडीवर, परतताना पेट्रोल पुरलं का? हे सगळं आईला विचारा. पण बाबा बाजारात गेल्यावर, आणि चतुर्थीच्या गडबडीत तर नकोच.