नेपल्सला उतरलात तर सान कार्लो बघाच

वहिनी, नेपल्सला जहाज लागलं की निम्मे लोक पॉम्पेईच्या बसकडे पळतील. तुम्ही हुतात्मा स्मृती मंदिरातलं नाटक सहसा न चुकवणाऱ्या सोलापूरकर, तुम्ही सान कार्लोच गाठा. धक्क्यापासून चालत जाता येतं. १७३७ सालचं हे ऑपेरागृह मिलानच्या ला स्कालाहून ४१ वर्षांनी जुनं. १८१६ च्या आगीत जळालं आणि वर्षभरात पुन्हा उभं राहिलं! आत बॉक्समधले, म्हणजे प्रेक्षकांच्या छोट्या सज्जांमधले, आरसे नीट बघा. राजा टाळ्या वाजवतोय का, हे लोक त्यातून न्याहाळत आणि मगच टाळ्या देत, असं सांगतात. गाईडबरोबरच्या फेरीचं सकाळचं तिकीट घरूनच ऑनलाइन काढा. तालीम असली तर प्रेक्षागृह बंद असू शकतं, तेवढं आधी विचारून घ्या. परतताना घड्याळ जहाजाचंच धरा.